चौथ्या आणि पाचव्या दगडामधलं पाणी

१

मी समाधानी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून कुणी माझी कीव करू नये, म्हणून. गावच्या शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवतो. बायकोचं आणि माझं उत्तम जमतं. डोंगराच्या पोटातून येणारं फलजचं, म्हणजे भुयारी कालव्याचं पाणी बाराही महिने आमच्या दाराशेजारच्या पाटातून वाहतं. मूलबाळ झालं नाही, पण त्याचं रडगाणं आम्ही दोघांनी कधीच संपवून टाकलं.

त्या पाण्याची वाटणी आमच्याकडे अजून सावलीवर चालते. मशिदीमागच्या मोकळ्या जागेत दोन पुरुष उंचीचा एक लाकडी खांब आहे. त्याच्या पूर्वेला जमिनीत दगड पुरलेत. दुपार कलली की खांबाची सावली एकेका दगडाकडे सरकते. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत गेली की झाला एक अथर, म्हणजे घड्याळाचा अर्धा तास. दगडांमधली अंतरं सारखी नाहीत, संध्याकाळकडे वाढत जातात. ज्यांनी ते पुरले त्यांना पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे बहुधा ठाऊक नव्हतं, पण दगड बरोबर जागी आहेत. रात्री हेच काम डोंगरामागून उगवणाऱ्या ताऱ्यांवर होतं.

खांबाजवळ बसणाऱ्याने हाक मारायची, "सुवैद, पाणी तुझं!" आणि सुवैदने श्वास सोडायच्या आत आपल्या बागेतून ओरडायचं, "घेतलं!" उत्तर आलं नाही तर पाळी पुढच्याची. त्यामुळे आमची माणसं "घेतलं" म्हणायला विचार करत नाहीत. काझींनी निकाहात नाव पुकारलं तेव्हा सुवैदच्या तोंडून "कबूल" निघायच्या ऐवजी "घेतलं" निघालं. त्याची बायको ते अजून ऐकवते.

चाळीस वर्षं हे काम माझ्या सासऱ्यांकडे, मुर्शिदकाकांकडे होतं. या वर्षी त्यांचे गुडघे संपावर गेले. शुक्रवारी शाळेला सुट्टी, म्हणून शुक्रवारची दुपार त्यांनी माझ्या गळ्यात मारली.

"सगळं तुला येतंच," ते म्हणाले. "एक लक्षात ठेव. चौथ्या दगडापासून पाचव्यापर्यंत कुणाचं नाव घ्यायचं नाही. सगळ्या बागांची तोंडं बंद ठेवून पाणी खाली ओढ्यात सोडायचं. आणि खांब सोडून जायचं नाही."

"म्हणजे अर्धा तास पाणी वाया?"

"वाया."

"काका, लोक इथे पाण्याच्या पेल्यासाठी भांडतात."

"मास्तर, तू शाळेत पृथ्वी फिरव. पाणी मला फिरवू दे."

२

पहिल्या शुक्रवारी नमाज झाली, जेवणं झाली, आणि गाव आडवं झालं. मी वह्यांचा गठ्ठा आणि कहव्याचा थर्मास घेऊन खांबाजवळ चटई टाकली. एका अथरात माझ्या बारा वह्या तपासून होतात. पहिल्या तिन्ही अथरांत बाराच झाल्या.

सावली चौथ्या दगडाला लागली तशी मी पाटातली फळी फिरवली. पाणी ओढ्याकडे वळलं, मी पुन्हा वह्या ओढल्या. बारा झाल्या, पंधरा झाल्या. अठरावी मिटली तरी सावली पाचव्या दगडापासून दोन बोटं लांब होती. पेल्यातला कहवा गार पडला होता.

मी फोनमध्ये पाहिलं. दोन वाजून अठ्ठावीस मिनिटं. सावली अगदी जिथे असायला हवी तिथेच होती. म्हणजे सूर्य बरोबर, घड्याळ बरोबर, आणि मी आज चपळ. मुलांनी उत्तरं आखूड लिहिली असतील, असं मी ठरवलं.

एकच गोष्ट जरा खटकली. खालच्या बागेत सुवैद आपली पाळी येईपर्यंत कुदळ चालवत होता. तिचा घाव ऐकू यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा घाव. मला वाटलं, म्हातारा झाला बिचारा. सुवैद माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे.

पाचवा दगड आला. मी त्याला हाक मारली, त्याने "घेतलं" म्हटलं, आणि कुदळ पुन्हा धडाधड चालू लागली.

३

शिक्षकाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या शुक्रवारी मी एक मीटर दोरी आणि भोकाचा एक खडा घेऊन गेलो. हा प्रयोग मी दरवर्षी आठवीला करून दाखवतो. एवढ्या दोरीचा लंबक या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला एक सेकंद घेतो. खडा जड असो की हलका, पृथ्वी सगळ्यांना सारखंच ओढते. अर्ध्या तासात अठराशे.

तिसऱ्या अथरात अठराशे तीन भरले. तीन माझ्या चुकीचे धरा.

चौथ्यात दोन हजार सातशे दहा.

मी खडा हातात धरून बसून राहिलो. लंबक जलद झाला तर पृथ्वीची ओढ वाढली असली पाहिजे. इतका जलद, तर दुपटीहूनही जास्त. मग मला उठून उभं राहता आलं नसतं. मी उठलो, हात वर केले, एक उडीही मारून पाहिली. मशिदीच्या पायरीवरचं मांजर माझ्याकडे बघत होतं. त्याने जांभई द्यायला तोंड उघडलं आणि ते मिटेपर्यंत मला कंटाळा आला.

पुढच्या शुक्रवारी मी नाडी मोजली. एरवी बहात्तर. त्या अथरात, टॉवरवरून वेळ घेणाऱ्या फोनच्या मिनिटाला, एकशे आठ. धाप नाही, घाम नाही. छाती अगदी संथ होती.

खरं सांगू? मला मजा वाटली. सगळ्या जगाला अर्धा तास मिळत होता आणि मला पाऊण. मी वह्या संपवायचो, एक डुलकी काढायचो, आणि तरी सावली वाट बघत असायची.

४

माझ्या बायकोला, झुवैनाला, तिच्या आईकडून एक वाफा मिळाला होता. खांबापासून खाली दोनशे पावलांवर, भोवती दगडी भिंत, आत तिने लावलेली लिंबाची बारा रोपं. त्या जागेला पाण्याची पाळी नव्हती. झुवैना घरातलं तांदूळ धुतलेलं पाणी डोक्यावरून नेऊन घालायची. रोपं मरत नव्हती आणि जगतही नव्हती. बारा वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. एका गुरुवारी मात्र तिने रिकामी कळशी आपटली.

"ओढ्याला पाणी पाजता, हिलाल. ओढ्याला! आणि माझी पोरं तहानलेली."

त्या बारा रोपांना ती पोरं म्हणायची.

मी सासऱ्यांकडे गेलो. ते अंगणात पाय पसरून खजुराच्या बिया वेगळ्या करत होते.

"काका, तो चौथा अथर कुणाचा आहे?"

"कुणाचा नाही."

"कुणाचा नाही, तर झुवैनाला देऊ?"

त्यांचा हात थांबला. "तुझी शाळा बरी चाललीय ना?"

"हो."

"घरी भांडण नाही, आजार नाही?"

"नाही."

"मग कशाला नसतं घेतोस अंगावर?"

म्हाताऱ्या माणसांना कारण विचारलं की ती असंच बोलतात, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सावली चौथ्या दगडाला लागली तेव्हा मी फळी फिरवली नाही. खाली तोंड करून हाक मारली, "झुवैना, पाणी तुझं!"

"घेतलं!" तिचा आवाज आनंदाने फाटला. आपल्या वाफ्याच्या तोंडातला चिंध्यांचा बोळा काढताना ती हसत होती, ते मला वरपर्यंत ऐकू आलं.

५

पुढचे काही आठवडे आमच्या घरात सण होता. झुवैना शुक्रवारी अडीचला वर यायची ती गात यायची. हातपाय चिखलाने भरलेले, चेहरा उजळलेला. "पाणी काय पुरतं रे!" ती म्हणायची. "सगळ्या आळ्यांना देते, गवत काढते, झोपसुद्धा होते."

"अर्ध्या तासात झोप?"

"हो ना. बाबांनी इतकी वर्षं ओढ्याला घातलं."

तिसऱ्या शुक्रवारी तिने ओंजळभर लिंबं आणली. रसरशीत, पिवळी. महिन्यापूर्वी माझ्या गुडघ्याएवढी असलेली रोपं. मी म्हटलं, सुवैदच्या झाडाखालची उचललीस ना? ती म्हणाली, हो, तसंच समज. मी तसंच समजलो. भाजलेल्या मासळीवर ते लिंबू पिळलं आणि बोटं चाटून जेवलो.

त्या आठवड्यात शाळेत एका मुलीने विचारलं, "सर, पृथ्वी अचानक थांबली तर आपल्याला कळेल का?"

"कळेल म्हणजे? तू बाकासकट पूर्वेला फेकली जाशील. गाडीने करकचून ब्रेक मारल्यावर होतं तसं."

"आणि आपणही तिच्याबरोबरच थांबलो तर?"

वर्ग हसला. मी पण हसलो, आणि फळ्यावर शनीची कडी काढायला घेतली. खडू दोनदा मोडला.

घरी बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. झुवैना सुई ओवायला माझ्याकडे देऊ लागली. कानामागे पांढरी बट दिसली, मी म्हटलं चाळिशी आली बाईसाहेब, तिने मला पोळपाट दाखवला. एकदा तिने विचारलं, सुवैदच्या मोठ्या मुलीचं नाव काय रे? त्या मुलीचं नाव झुवैनानेच ठेवलं होतं.

ती तक्रार करत नव्हती. उलट इतकी शांत, इतकी तृप्त मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणून मी गप्प बसलो. यात माझी चूक झाली असेल तर ती एवढीच.

६

तिच्या भाचीचं लग्न होतं. गुरुवारी संध्याकाळी बायका जमल्या, आणि झुवैनाच्या तळहातापासून कोपरापर्यंत मेंदी काढली. नखंही रंगवली, दहाच्या दहा, गडद. शुक्रवारी सकाळी तिने ते हात माझ्या डोळ्यांसमोर नाचवले. रंग छान चढला होता.

दोन वाजता मी हाक मारली. अडीचला ती वर आली, आणि लग्नाचे कपडे करायच्या आधी मला कहवा देऊ लागली.

पेला घेताना माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. तळहात कोरा होता. कोपरापर्यंत नक्षीचा मागमूस नाही. मेंदी फक्त नखांवर होती, तीही टोकाला एक चंद्रकोर उरेल एवढीच. खालचं सगळं नख नवं, गुलाबी, वाढून आलेलं.

मेंदी घासून जाते, हे मी मान्य करतो. नखावरची मात्र घासून जात नाही. नख वाढतं तशी ती पुढे सरकते. एवढं नख वाढायला चार-पाच महिने लागतात. हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही, कुठलीही बाई सांगेल.

"झुवैना, तू खाली किती वेळ असतेस?"

ती माझ्याशेजारी टेकली. "मोजायचं कसं? तिथे सावली हलत नाही. आधी थोडाच वेळ असायचा. आता दरवेळी जास्त. यावेळी लिंबं एकदा उतरवून झाली आणि पुन्हा फुलं आली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू नाव घेणं बंद केलं असतंस." तिने माझा हात हातात घेतला. तो हात खरखरीत होता, आणि मला तो ओळखीचा वाटला नाही. "घाबरू नकोस रे. मला तिथे काही त्रास नाही. मी एकटीही नसते."

"कोण असतं? तुझी आई?"

"आई नाही रे." ती हसली आणि कपडे करायला आत गेली.

मी तडक सासऱ्यांकडे गेलो. नखांचं सांगितलं. त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"तुझ्या सासूलाही तो वाफा हिरवा करायचा होता," ते म्हणाले. "मी तिला एक हिवाळाभर तो अथर दिला. पुरायला नेली तेव्हा दफनाला आलेल्या परगावच्या माणसाने विचारलं, तुमची आई का? ती एकतीस वर्षांची होती, मास्तर."

मला रडू आलं. सासऱ्यांसमोर मी याआधी कधी रडलो नव्हतो.

"बंद कर," ते म्हणाले. "फक्त नाव घेऊ नकोस. बाकी काही लागत नाही."

७

पुढच्या शुक्रवारी मी झुवैनाला खाली जाऊ दिलं नाही. तिनेही हट्ट धरला नाही. खांबाजवळ चटईवर माझ्या शेजारी बसली आणि पातळ रोटीवर मध लावू लागली. सासऱ्यांना मी पाठीवर घालून आणलं होतं. दुपार सुंदर होती, ऊन सौम्य होतं, आणि मध नुकताच काढलेला. ही दोन माणसं माझ्याजवळ आहेत, यापलीकडे मला काय हवं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

सावली चौथ्या दगडाला लागली. मी फळी फिरवली. पाणी ओढ्याकडे गेलं. मी ओठ मिटून घेतले.

सुवैदच्या कुदळीचा एक घाव पडला. दुसऱ्याची मी वाट बघत राहिलो.

"झुवैना, पाणी तुझं!"

हाक खालून आली, भिंतीपलीकडून.

"घेतलं!" झुवैना म्हणाली.

मग तिने मधाने माखलेला हात तोंडावर ठेवला. तिच्या नकळत निघालं होतं ते. रोटी चटईवर पडली.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ अजून मिटलेलेच होते, ते त्यांनी पाहिलं. आवाज पुरुषाचा होता, म्हाताऱ्या माणसाचा, घोगरा. नावातला मधला 'वै' त्याने लांब ओढला होता. तसा एकच माणूस ओढतो. झुवैना बारा वर्षं त्या माणसाला त्यावरून चिडवते.

"कोण आहे ते?" मी विचारलं. माझ्याच आवाजात विचारलं, आणि तिघांनाही उत्तर मिळालं.

"तू रागावशील म्हणून बोलले नाही," झुवैना हळूच म्हणाली. "तू तिथे फार चांगला असतोस, हिलाल. केस गेलेत तेवढे."

ती उठली. हात पुसले, डोक्यावरची ओढणी सारखी केली. घेतलेलं पाणी परत करता येत नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तिने वडिलांच्या कपाळाला ओठ लावले आणि उतारावरून चालू लागली. मी जागचा हललो नाही. खांब सोडायचा नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

सासऱ्यांनी काठीने माझ्या पोटरीवर मारलं. चांगलं जोरात.

"जा."

"काका, खांब..."

"पाचवा दगड मी बघतो. तिच्या आईच्या वेळी मी इथेच बसून राहिलो. अर्धाच तास आहे म्हणत राहिलो." त्यांनी पुन्हा काठी उगारली. "जा रे, मास्तर."

मी अनवाणीच धावलो. झुवैना भिंतीच्या दाराशी थांबली होती, मागे न बघता, हात मागे करून. मला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता. यातलं एक खरं आणि एक खोटं, असं काही मी सांगू शकत नाही. मी तिचा हात धरला.

दार अर्धं उघडं होतं. आत लिंबाची झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलेली, आणि त्यांच्यामागे कुणाचा तरी वाकलेला खांदा दिसला. तो माणूस सावकाश कहव्याचे पेले मांडत होता. दगडावर एक टेकल्याचा आवाज आला, मग दुसरा. मी दारात उभा राहून तिसऱ्याची वाट पाहिली. तिसरा पेला त्याने मांडलाच नाही; थर्मास उचलला आणि ओतायला सुरुवात केली.